उतारावरचा वाघ

खोटं बोलताना माणसाची जीभ निदान थोडी अडखळते. खोटं न बोलता फसवायचं असेल तर तेवढीही अडचण उरत नाही. देवानं जिभेभोवती दातांचं कुंपण घातलं ते बोलणं आवरायला. गप्प बसणं आवरायला त्यानं काही ठेवलेलं नाही. ते ज्याचं त्यानंच बघायचं.

वाटाड्यानं ते बघितलं नाही.

वाटाड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विजेवर चालणाऱ्या, आडवाटेच्या दणकट गाड्या विकणाऱ्या एका शोरूममध्ये तो कामाला होता. गिऱ्हाइकाला गाडीत बसवून डोंगरातून फिरवून आणायचं हे त्याचं काम, म्हणून तिथल्या मंडळींनी त्याला ते नाव पाडलं. घरी त्याची थोरली बहीण त्याला छोट्या म्हणायची. आता हा छोट्या दारातून आत यायचा तर आधी मान वाकवायची आणि मग पोट आत घ्यायचं, पण ताईच्या लेखी तो छोट्याच.

कामात माणूस हुशार, यात शंका नाही. गाडीची त्याला मनापासून माया होती. दगडावर चाक ठेवताना तो असं ठेवायचा, की पाळण्यातलं मूल जागं होऊ नये. गिऱ्हाईक धास्तावून कडी धरून बसलेलं असायचं आणि हा दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवत त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचा. गाडीही गुणाची होती. आवाज नाही, धूर नाही, पायाखाली ताकद कशी, तर म्हणाल तेव्हा हजर. गावात रोजच्या ये-जा करण्याला तर दृष्ट लागावी अशी. रात्री घरी लावून ठेवायची, सकाळी बॅटरी भरलेली. हे सगळं खरं होतं आणि ते सगळं तो सांगायचा.

जे सांगायचा नाही ते एवढंच होतं.

शोरूमच्या मागे डोंगरात दगडाची एक बंद पडलेली खाण होती आणि खाणीपासून खाली शोरूमच्या फाटकापर्यंत एक खडबडीत वाट उतरत होती. एकदा फोटो काढायचे म्हणून गाडी आधीच वर खाणीपाशी नेऊन उभी केली होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला ताटकळत कशाला ठेवायचं म्हणून वाटाड्यानं शोरूमच्या जुन्या डिझेल व्हॅनमध्ये बसवून वर नेलं, आणि तिथून विजेच्या गाडीनं दोघं खाली आले. आता विजेच्या गाडीचं असं आहे, की उतारावर ब्रेक लावत आलं की तीच वीज परत बॅटरीत भरते. फाटकापाशी पोचल्यावर गिऱ्हाइकानं मीटर बघितला. निघताना होती त्यापेक्षा बॅटरी जास्त भरलेली. ते बिचारं चाटच पडलं. डोंगरातून फिरून आलो आणि वर गाडीनंच आपल्याला वाणवळा दिला! त्यानं उभ्या उभ्या गाडी ठरवली.

मालकानं वाटाड्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या गिऱ्हाइकालाही व्हॅननं वर नेलं. मग तो रिवाजच पडून गेला. वर जाताना व्हॅनमध्ये थर्मासमधला चहा आणि बिस्किटं, खिडकीतून डोंगर दाखवायचा, आणि खाली येताना विजेची गाडी. चढाला ती गाडी किती वीज खाते, हे कुणी विचारलंच नाही. पाहुणचारात असलं माणसाला कुठे सुचतं? आणि कुणी विचारलं नाही तर आपण कशाला सांगायचं, असं वाटाड्याचं झालं. खोटं तर एक अक्षर बोललो नाही, असं तो स्वतःला सांगायचा. बरं, हे स्वतःला सांगावं का लागतं, हा प्रश्न काही त्यानं स्वतःला विचारला नाही.

अशात ताईची जुनी पेट्रोलची जीप बसली.

ताई नर्स होती. गावातल्या दवाखान्यात तिची ड्युटी, आणि दर मंगळवारी दुपारून डोंगरावरच्या वस्तीत फेरी. वस्ती तशी लहान, घरं विखुरलेली, आणि राहणारी बहुतेक म्हातारी माणसं. कुणाच्या पायाची जखम धुवायची, कुणाचा रक्तदाब बघायचा, कुणाला नुसतं तासभर बोलू द्यायचं. ती वाट इतकी वाईट, की दुसरी कुणी नर्स तिकडे जायला राजी नसायची. ताई गेली कित्येक वर्षं जात होती. घरी सगळे म्हणायचे, ताईला जायला मिळालं नाही तर तिचाच रक्तदाब वाढेल.

तिनं भावाला सांगितलं, तू म्हणशील ती गाडी घेते. मला त्यातलं काही कळत नाही, तुला कळतं, झालं.

वाटाड्यानं तिलाही व्हॅनमध्ये बसवलं. चहा दिला. तिनं खिडकीतून बाहेर बघत, किती रे तुम्ही लोकांची सोय करता, असं कौतुकही केलं. खाली उतरल्यावर मीटर बघून ती लहान मुलीसारखी हसली. त्या घडीला एक वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. साधं वाक्य. ताई, वस्तीवर जायच्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली ठेव. सकाळी गावात फिरलीस तर दुपारी दवाखान्यात पुन्हा भर आणि मगच चढ. एवढंच. तेवढ्यानं ती काही गाडी नाकारणार नव्हती. पण मालक शेजारी उभे होते, आणखी एक गिऱ्हाईक कान देऊन ऐकत होतं. वाटाड्यानं ते वाक्य गिळलं आणि त्याऐवजी म्हणाला, "पाय हलका ठेवायचा ताई. बाकी सगळं गाडी बघते."

ताईनं ते गुरुवाक्यासारखं धरलं.

पुढचे काही मंगळवार निभावले. कधी सकाळची धावपळ कमी असायची, कधी वरून लवकर निघायची. मग हवा गार पडली. विजेच्या गाडीची बॅटरी थंडीत आधीच अंग चोरते, त्यात आत हीटरचा शेक चालू. एका मंगळवारी सकाळी ताई दवाखान्याच्या कामानं गावभर फिरली होती. दुपारी औषधांच्या पेट्या आणि ऑक्सिजनचं नळकांडं टाकून ती चढाला लागली. वरच्या एका आजोबांच्या पायाची जखम चिघळली होती, त्यांना घेऊन खाली यायचं होतं. अर्ध्याहून जास्त वाट चढल्यावर मीटरवर कासवाचं चित्र उमटलं. बॅटरी संपत आली की गाडी ते चित्र दाखवते आणि मग खरंच कासवासारखी चालते. थोड्या वेळानं कासवही थांबलं.

ताई चालत वर गेली. आजोबांना चालवेना. वस्तीतल्या चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्ची खांद्यावर घेऊन त्या दगडातून खाली गाडीपर्यंत आणली. प्रत्येक ठेचेला आजोबा ओरडायचे. एकदा तर त्यांनी ताईलाच शिव्या दिल्या. चौघांनी ढकलून गाडी वळवली, तशी उतारावर वीज भरत ती आपली शहाण्यासारखी चालायला लागली आणि आजोबा सुखरूप दवाखान्यात पोचले, पायही वाचला. पण ताईच्या डोक्यातून ती खुर्ची काही जाईना.

दुसऱ्या दिवशी ती शोरूममध्ये आली. वाटाड्या गाडीचं बॉनेट पुसत होता. ताईनं त्याला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, आपल्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत होती.

"तू सांगितलं होतंस रे," ती म्हणाली, "पाय हलका ठेव म्हणून. माझाच जड पडला असणार. तुझ्या गाडीचं नाव घालवलं मी. इथं कुणाला सांगू नकोस हं."

ऐकणाऱ्याला इथं वाटेल, की आता तरी हा गडी बोलेल. समोर थोरली बहीण, जिनं बोट धरून शाळेत नेलं, ती याच्याच चुकीची माफी याच्याकडे मागते आहे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण धरणी अशी कुणाच्या सोयीनं दुभंगत नाही. त्याच्या हातात ओलं फडकं होतं. ते त्यानं पिळलं आणि तो म्हणाला, "होतं गं असं सुरुवातीला. सवयीनं येईल."

हे वाक्य त्यानं आयुष्यात उच्चारलेलं सगळ्यांत नीच वाक्य होतं, आणि ते उच्चारताना त्याचा आवाज मायेनं भरलेला होता.

शनिवारी तो भावोजींकडे केस कापायला, दाढी करायला गेला. ताईच्या यजमानांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा आणि अखंड बडबड. भावोजींचा वस्तरा आणि जीभ दोन्ही एकाच दगडावर घासलेली. मेहुणा खुर्चीत बसला की त्यांना चेव यायचा.

"या वाटाडे," ते म्हणाले, "तुमची गाडी मोठी गुणाची हो. उतारावर वाघ आणि चढावर वाघाची मावशी."

शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक हसलं. वाटाड्याही हसला. समोर आरशात त्याचं हसणं त्याला दिसलं आणि ते त्याच्यानं बघवेना. पण गळ्याभोवती टॉवेल आवळलेला, मानेवर वस्तरा. तोंड फिरवायची सोय नव्हती. डोळे मिटावेत तर भावोजी म्हणाले, झोपू नका, गाल कापेल.

मग भावोजींचा आवाज उतरला. वस्तरा पुसता पुसता त्यांनी सांगितलं, की ताईनं वस्तीची फेरी सोडायचं ठरवलं आहे. मोठ्या डॉक्टरांना तिनं तोंडी सांगितलंसुद्धा. सोमवारी ते पक्कं करणार होते. दुसरी नर्स मिळणार नाही, तेव्हा फेरी बंदच होणार. वरच्या लोकांनी जमेल तसं खाली यायचं. ताईचं म्हणणं एकच, आता आपलं वय झालं, हात-पाय पूर्वीसारखे चालत नाहीत, आपल्यामुळे एखाद्याचा जीव जायला नको.

"रात्री उठून बसते हो," भावोजी म्हणाले. "मी म्हटलं, अगं छोट्याला विचार, काही युक्ती असेल. तर म्हणते, त्याला किती त्रास देऊ? एकदा सांगितलंय त्यानं."

वाटाड्या आरशात बघत राहिला. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल उघडा. त्याच्या मनात आलं, की आत्ता बोलावं. भावोजींच्या हातात वस्तरा आहे म्हणून नव्हे, शेजारी परका माणूस बसलाय म्हणून तो बोलला नाही. निदान स्वतःशी त्यानं कारण ते दिलं. उठताना फक्त म्हणाला, की उद्या रविवार आहे, ताईला सांगा, मी येतो, दोघं मिळून वाट चढू. बघू कुठं चुकतंय.

भावोजींना इतकं बरं वाटलं, की त्यांनी त्याच्या डोक्याला फुकटचं तेल चोळून दिलं. ते तेल त्याला घरी जाईपर्यंत जाळत होतं.

रविवारी तो गेला तो कबूल करायलाच गेला, असं म्हणावं तर तेही खरं नाही. मनाच्या तळाशी एक ओशाळवाणी आशा वळवळत होती. आपण इतके निष्णात. आपल्या हातात गाडी कदाचित वरपर्यंत जाईल. गेली, तर चूक थोडीफार ताईचीच ठरेल. आपण तिला शिकवू, ती शिकेल, फेरी चालू राहील, आणि ती डिझेल व्हॅन कुणाच्या लक्षातही येणार नाही. बहिणीची चूक निघावी म्हणून भाऊ मनातल्या मनात देवाला हात जोडत होता. देवानं असले कितीतरी जोडलेले हात बघितले असतील.

ताईनं मात्र परीक्षा अगदी चोख ठेवली होती. त्या दिवशी जसं झालं तसंच करायचं, असं तिचं म्हणणं. आधी गावभर फिरायचं, बाजार, दवाखाना, पुन्हा बाजार. तेवढ्याच पेट्या, तेच नळकांडं. म्हणजे कळेल ना रे, माझं कुठं चुकलं ते. तिनं सोबत कामाची बॅगही घेतली होती; पोचलोच वर तर बघून येईन एकदा सगळ्यांना, शेवटचं. हा शेवटचा शब्द तिनं सहज उच्चारला आणि खिडकीबाहेर बघितलं.

वाटाड्यानं जन्मात चालवली नसेल इतकी जपून गाडी चालवली. शेक बंद ठेवला. पायाचा नुसता अंगठा टेकवला. कुठला दगड कुठून घ्यायचा, कुठे चाक घसरू द्यायचं नाही, सगळं कसब पणाला लावलं. ताई त्याच्या पायाकडे टक लावून बघत होती, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. आणि तो मीटरकडे बघत होता. मीटर उतरत होता. वळण आलं, उतरला. दुसरं वळण आलं, आणखी उतरला. एका मोठ्या काळ्या खडकाला वळसा घातला आणि मीटरवर कासव उमटलं.

थोडं पुढे जाऊन गाडी थांबली.

ताईनं मान बाहेर काढून वर बघितलं, मग मागे बघितलं. तिचा चेहरा विचारात पडला.

"अरे," ती म्हणाली, "मी तर त्या झाडापर्यंत गेले होते."

झाड वर होतं. आज गाडीत याच्या देहाचं जास्तीचं वजन होतं, हे धरूनसुद्धा बरंच वर. म्हणजे ही बाई, जिचे हात-पाय म्हणे चालत नाहीत, ती शेक चालू ठेवूनसुद्धा या निष्णात माणसापेक्षा पुढे गेली होती. वाटाड्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताईच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पडत गेला.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं रे छोट्या. गाडीतच काहीतरी दोष आहे. तुलाही कुणी सांगितलं नसणार. कंपनीला कळव तू. तुला फसवलं त्यांनी."

बघा, सुटकेचं दार कसं उघडतं. तेही बाहेरून, आणि उघडणारीही तीच. हो म्हटलं की झालं. कंपनी लांब, तिला तोंड नाही, ती काही उत्तर द्यायला येणार नाही. ताईचा जीव हलका झाला असता, फेरी राहिली असती, भाऊही भाऊ राहिला असता. वाटाड्यानं तोंड उघडलं. हो म्हणायलाच उघडलं. पण ताई त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी कणव होती. फसवल्या गेलेल्या धाकट्या भावाविषयीची कणव. ती मात्र त्याला झेपली नाही.

"गाडीत दोष नाही," तो म्हणाला. "चढाला ती एवढीच वीज खाते. मला माहीत होतं."

ताईनं मीटरकडे बघितलं, मग वाटेकडे. त्याला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून तो पुढे बोलत गेला, आणि बोलताना स्टिअरिंगवरचा रबराचा कंगोरा नखानं खरवडत राहिला. व्हॅनचं सांगितलं. गाडी आधीच वर ठेवतो हे सांगितलं. त्या दिवशी एक वाक्य सांगायचं होतं ते गिळलं, हे सांगितलं. दुपारी दवाखान्यात पुन्हा भरून घेतली असतीस तर खुर्चीची वेळच आली नसती, हेही सांगितलं. एवढं सांगून त्याला रडायचं होतं, पण रडू आलं नाही. रडायचाही हक्क लागतो माणसाला.

ताईनं पायाशी ठेवलेली बॅग मांडीवर घेतली.

"मी शोरूममध्ये आले होते," ताई शेवटी म्हणाली. "माफी मागायला."

"हो."

"आणि तू मला म्हणालास, सवयीनं येईल."

"हो."

तिनं दार उघडलं, बॅग खांद्याला लावली आणि वर चालायला लागली. थोडं गेल्यावर मागे न बघताच म्हणाली, "पेटी घेऊन ये."

त्यानं औषधांची पेटी उचलली. नळकांडंही घेऊ का म्हणून विचारलं, तर उत्तर आलं नाही, म्हणून तेही घेतलं. चढ उभा होता. मोठ्या शरीराचा माणूस, वाट आडवी-तिडवी, श्वास भात्यासारखा चाललेला. ज्या दगडांवर तो दोन बोटांनी गाडी फिरवायचा, ते दगड पायाखाली किती मोठे असतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. याच दगडातून चार माणसं एक खुर्ची घेऊन उतरली होती. ताई एकदाही थांबली नाही.

वाटेत तिनं एकच विचारलं. ज्यांना ज्यांना तू व्हॅननं वर नेलंस, त्यांचं काय? वाटाड्या म्हणाला, उद्या मालकाला सांगतो, आणि एकेकाला फोन करतो. नोकरी गेली तर जाईल. ताई म्हणाली, ते उद्याचं झालं. आज आधी वर चल.

पहिलं घर आजोबांचं. ते अंगणात पाय स्टुलावर ठेवून बसले होते. पायाला स्वच्छ पट्टी. ताईला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्या दिवशी शिव्या दिल्या म्हणून तिची मनधरणी करायला लागले. ताईनं त्यांना मधेच थांबवलं.

"आजोबा, हा माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "याला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

आणि ती खाली बसून पट्टी सोडायला लागली.

वाटाड्या नळकांडं कुशीत धरून उभा. गाडीत एकट्या बहिणीपुढे बोलणं वेगळं आणि ज्याचा पाय त्या माणसापुढे बोलणं वेगळं. तो बोलला. पहिल्यापेक्षा थोडक्यात बोलला, कारण आता शब्दांना लपायला जागा नव्हती. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पायाकडे बघत म्हणाले, की माझं जाऊ दे, मी तर बसून होतो. उचलणाऱ्यांपैकी शेजारच्याच्या खांद्याची सूज अजून उतरलेली नाही. त्याला सांगा.

शेजारच्याला सांगितलं. तो विशीतला नव्हे, साठीतला माणूस. खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. त्याच्याही दारात ताईनं तेच वाक्य म्हटलं, हा माझा धाकटा भाऊ, याला काहीतरी सांगायचंय, आणि त्याचा खांदा तपासायला घेतला. त्या माणसानं ऐकलं आणि वाटाड्याकडे न बघता ताईलाच विचारलं, मग पुढच्या मंगळवारी येणार ना तुम्ही? ताई म्हणाली, येणार. उद्या सकाळी डॉक्टरांना सांगते, की फेरी माझ्याकडेच राहू दे. हे तिनं खांदा दाबता दाबता, हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं. वाटाड्याच्या छातीवरचं एक ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं, हलकं पण टोचरं, येऊन बसलं. कारण ती त्याच्याकडे बघून बोलली नव्हती.

तिसरं घर, चौथं घर. प्रत्येक दारात तेच वाक्य, आणि प्रत्येक दारात त्याला नव्यानं लाज वाटली. त्याला वाटलं होतं, सांगून सांगून लाज बोथट होईल. झाली नाही. एका बाईनं त्याला बसायला खुर्ची दिली, ती लाकडी होती. तो उभाच राहिला.

सगळ्यांत वरचं घर एका म्हातारीचं. ती कानानं अगदी ठार. दारातच उन्हाला बसली होती. ताई तिच्यापुढे बसली, हातानं खूण करून भावाकडे बोट दाखवलं. वाटाड्यानं सांगायला सुरुवात केली.

"मोठ्यानं बोल रे बाबा," म्हातारी म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

तो थोडा मोठ्यानं बोलला. तिनं कानाला हात लावला. मग त्यानं छाती भरून घेतली आणि सगळं पहिल्यापासून ओरडून सांगितलं; गाडी, चढ, व्हॅन, चहा, गिळलेलं वाक्य, बहिणीनं मागितलेली माफी. खालच्या घरांतून माणसं अंगणात आली. ज्यांनी आधी ऐकलं होतं त्यांनीही पुन्हा ऐकलं. कुणी हसलं नाही. एक कुत्रं भुंकलं आणि तेही गप्प झालं.

म्हातारीनं मान हलवली. तिला विचार करायला वेळ लागला.

"मग आता ती वर कशी येणार?" तिनं विचारलं.

"दुपारी दवाखान्यात गाडी भरून घेईल," वाटाड्या ओरडला. "आणि मगच चढेल."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वाटाड्याला पाठीवरची मालकाची थाप आठवली, कान देणारं गिऱ्हाईक आठवलं, मीटर बघून हसणारी ताई आठवली. पण यातलं काहीही त्या म्हातारीला ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं मान खाली घातली, तशी म्हातारी पुन्हा 'काय, काय?' करायला लागली.

ताईनं म्हातारीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, कानाला नळ्या लावल्या आणि मग कितीतरी वेळानं पहिल्यांदाच भावाकडे बघितलं.

"आता दोघंही गप्प बसा," ती म्हणाली. "मला ठोके ऐकू येत नाहीत."